मतपेटी आणि वार्ता

मतदानाच्या आदल्या दिवशी केंद्राध्यक्षाच्या हाती जे सामान सोपविले जाते, त्याची यादी चांगली लांबलचक असते. मतदान यंत्र, मतदारयादीच्या प्रती, बोटाला लावावयाची शाई, धातूची मोहोर, लाख, दोरा, मेणबत्ती, आगपेटी आणि नाना प्रकारच्या नमुन्यांची पाकिटे. शासकीय सेवेत शिरल्यापासून ही यादी मी कितीतरी वेळा तपासून दिली आहे. तीतली एखादी क्षुल्लक वस्तू राहिली तरी रात्री-अपरात्री धावाधाव होते. आणि ती व्हावी हेच योग्य आहे, कारण मत गुप्त राहिले पाहिजे, एकाने एकदाच दिले पाहिजे आणि जसे दिले तसेच मोजले गेले पाहिजे, ह्या तीन गोष्टींसाठी तो सारा खटाटोप असतो.

परंतु मतदार केंद्राच्या दारातून आत येतो तो रिकाम्या मनाने येत नाही. आपण काय ऐकले, काय वाचले, कोणावर विश्वास ठेवला, ह्यांचे एक गाठोडे तो बरोबर घेऊन येतो. त्या गाठोड्याची नोंद आमच्या कोणत्याही नमुन्यात नसते. पेटीला मोहोर लावता येते. पण पेटीपर्यंत येणाऱ्या मनुष्याच्या कानी एकच बाजू पडली असेल, तर त्या पेटीतून निघालेला कौल कितपत त्याचा म्हणावयाचा? आणि एका बाजूने बंद केलेली वार्ता दुसऱ्या एखाद्या वाटेने त्याच्यापर्यंत पोहोचली, तर त्याने काय घडते? श्रोतेहो, ह्या दोन प्रश्नांचा विचार आज आपणांपुढे मांडावयाचा आहे. हा विचार हवेत राहू नये म्हणून मी एका देशाचा अनुभव सांगणार आहे. तो देश म्हणजे मलेशिया.

मलेशियाची निवड करण्याला कारणे आहेत. तेथे निवडणुका ठराविक काळाने होत आल्या; विरोधी पक्ष होते, न्यायालये होती, संसद होती. म्हणजे हे सरळसरळ हुकूमशाहीचे राज्य नव्हते. तरीही १९५७ साली स्वातंत्र्य मिळाल्यापासून २०१८ सालापर्यंत, म्हणजे सलग ६१ वर्षे, तेथे एकाच आघाडीची सत्ता राहिली. मलय, चिनी आणि भारतीय वंशाच्या लोकांचे तीन प्रमुख पक्ष जिच्यात होते, ती ही आघाडी १९७३ पासून 'बारिसान नासिओनाल', म्हणजे राष्ट्रीय आघाडी, ह्या नावाने ओळखली जाऊ लागली. आणखी एक लहानसे कारण आहे. मलय भाषेत मंत्र्याला 'मेंतेरी' म्हणतात, आणि बातमीला 'बेरिता' म्हणतात. हा दुसरा शब्द संस्कृतातील 'वृत्त' ह्या शब्दापासून आलेला आहे. 'मेंतेरी' आणि 'बेरिता' ह्यांचा परस्परसंबंध कसा होता, हीच आजच्या कथेची सुरुवात.

मलेशियात १९८४ साली मुद्रणालये व प्रकाशने ह्यांविषयीचा एक कायदा झाला. वृत्तपत्र काढावयाचे तर गृहमंत्र्यांचा परवाना हवा, आणि तो दरवर्षी नव्याने मिळवावयास हवा, अशी त्याची मुख्य तरतूद होती. १९८७ च्या ऑक्टोबर महिन्यात शंभराहून अधिक माणसांना चौकशीविना अटकेत टाकण्यात आले, आणि इंग्रजी, चिनी व मलय भाषांतील प्रत्येकी एका वृत्तपत्राचा परवाना रोखण्यात आला. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन परवान्याविषयीचा मंत्र्यांचा निर्णय न्यायालयात तपासून घेण्याची वाटही बंद करण्यात आली. वर्षअखेरीस परवाना नवा होईल की नाही, ही चिंता ज्याच्या उशाशी आहे, त्या संपादकाला प्रत्येक बातमीच्या वेळी वेगळी ताकीद द्यावी लागत नाही. तो आपली लेखणी आपणच आखडती घेतो.

कायद्याच्या जोडीला मालकी होती. 'स्टार' हे इंग्रजी दैनिक आघाडीतील चिनी पक्षाच्या मालकीचे. 'उतुसान मलेशिया' हे मलय दैनिक आघाडीतील सर्वांत मोठ्या पक्षाच्या हातचे. आकाशवाणी व दूरचित्रवाणी शासनाची, आणि जी पहिली खाजगी दूरचित्रवाणी १९८४ साली निघाली तिचे मालकही सत्तापक्षाच्या निकटचे. विरोधी पक्षांपैकी 'पास' ह्या इस्लामी पक्षाचे 'हराकाह' नावाचे मुखपत्र आठवड्यातून दोनदा निघे. २००० साली त्याला महिन्यातून दोनच अंक काढण्याची मर्यादा घालण्यात आली. तेव्हा निवडणुकीच्या दिवसांत मलेशियाच्या नागरिकाने सकाळी कोणतेही वर्तमानपत्र उघडले काय किंवा संध्याकाळी कोणतेही यंत्र लावले काय, त्याला साधारणपणे एकच सूर ऐकू येई. विरोधकांपाशी उरत असे ती सभा. तिला तिकडे 'चेरामाह' म्हणतात. रात्री एखाद्या मोकळ्या जागेत दिवा लावून, खुर्च्या मांडून, तासन् तास चालणारे ते भाषण. पण त्या दिव्याच्या उजेडापलीकडे ते पोहोचत नसे.

अशा ह्या देशाने आंतरजालाला मात्र मोकळीक दिली, आणि ती विरोधकांच्या प्रेमाने दिली असे नव्हे. १९९६ साली त्या वेळचे पंतप्रधान महाथीर मोहम्मद ह्यांनी राजधानी क्वालालंपूरच्या दक्षिणेस माहिती-तंत्रज्ञानाच्या उद्योगांसाठी एक मोठा पट्टा आखला. परदेशी कंपन्यांनी तेथे यावे म्हणून शासनाने काही लेखी हमी दिल्या, आणि आंतरजालावर पूर्वतपासणी घालणार नाही, ही त्यांतील एक हमी होती. १९९८ च्या दळणवळण कायद्यातही, ह्या कायद्यातील कशानेही आंतरजालाची पूर्वतपासणी करण्यास परवानगी मिळते असे समजू नये, असे कलम घालण्यात आले. भांडवल आत यावे म्हणून एक खिडकी उघडली. खिडकी उघडली की वारा येतो, आणि कोणता वारा आत घ्यावयाचा हे खिडकीला सांगता येत नाही.

आता छापील पत्र आणि आंतरजाल ह्यांच्यातील व्यावहारिक भेद ध्यानात घ्या. वृत्तपत्राला कागद लागतो, छापखाना लागतो, विक्रेत्यांची साखळी लागते. ह्यांपैकी कोणताही एक दुवा धरला की सारी साखळी थांबते. छापखान्याच्या दाराला कुलूप लावणे हे शासनाच्या दृष्टीने सोपे काम आहे. आंतरजालावरील पत्राला मजकूर साठविणारे एक यंत्र पुरते, आणि ते परदेशातही ठेवता येते. वाचकाच्या घरातील तार तीच असते, जिच्यावरून व्यापाऱ्याचा हिशेब आणि विद्यार्थ्याचा अभ्यास येत असतो. एका पत्त्याची वाट अडविता येते, पण मजकूर घटकेत दुसऱ्या पत्त्यावर हलविता येतो. शिवाय येथे वाचक हाच विक्रेताही असतो. वाचलेले तो दहा जणांना धाडतो, आणि त्या दहांपैकी प्रत्येक जण पुन्हा तेच करतो.

ह्या गोष्टीची पहिली प्रचीती १९९८ साली आली. सप्टेंबर महिन्यात महाथीर ह्यांनी आपले उपपंतप्रधान अन्वर इब्राहिम ह्यांना पदावरून दूर केले. थोड्याच दिवसांत त्यांना अटक झाली, आणि न्यायालयात त्यांना आणले तेव्हा त्यांचा एक डोळा मारहाणीने काळानिळा झालेला होता. लोकांच्या मनात उसळलेल्या प्रश्नांना नेहमीच्या वृत्तपत्रांत उत्तर मिळेना. मग आंतरजालावर ह्या प्रकरणाला वाहिलेली कितीतरी पाने निघाली. ज्यांच्या घरी संगणक होता असे लोक त्या काळी थोडे; पण ते ही पाने कागदावर उतरवून घेत, त्यांच्या छायाप्रती काढीत, आणि त्या प्रती बाजारांतून व खेड्यांतून हातोहात फिरत. यंत्राने आलेली बातमी शेवटच्या कोसभर पायी चालत जाई, असे म्हटले तरी चालेल.

पुढल्या वर्षी, २० नोव्हेंबर १९९९ रोजी, स्टीव्हन गान आणि प्रेमेश चंद्रन ह्या दोघांनी 'मलेशियाकिनी' नावाचे एक वृत्तपत्र केवळ आंतरजालावर सुरू केले. 'किनी' म्हणजे आता, सांप्रत. सार्वत्रिक निवडणूक नऊ दिवसांवर आली होती. एका चिनी दैनिकाने एका जुन्या छायाचित्रातून अन्वर ह्यांची प्रतिमा पुसून टाकली होती. ते उघडकीस आणून ह्या पत्राने आपली ओळख करून दिली. छापखाना नसल्यामुळे त्याला परवाना लागला नाही. मात्र त्याच्या वार्ताहरांना शासनाची ओळखपत्रे नाकारली जात. २००३ च्या जानेवारीत एका वाचकाच्या पत्रावरून तक्रार झाली तेव्हा पोलिसांनी त्याच्या कचेरीतून १९ संगणक उचलून नेले. तरीही पत्र बंद पडले नाही.

१९९९ च्या निवडणुकीत आघाडीला १९३ पैकी १४८ जागा मिळाल्या, आणि २००४ साली तर तिने २१९ पैकी १९८ जागा जिंकल्या. म्हणजे आंतरजाल आले आणि सत्ता डळमळली, असे काही झाले नाही. हे मुद्दाम सांगावयाचे, कारण नव्या यंत्रावर चमत्कारांचे ओझे लादण्याची आपल्याला सवय असते. बदलाला आणखी काही वर्षे आणि आणखी काही कारणे लागली.

ती कारणे २००७ साली एकत्र आली. सप्टेंबरमध्ये एक चित्रफीत लोकांपुढे आली. तीत एक वकील न्यायाधीशांच्या नेमणुकांविषयी दूरध्वनीवर बोलताना दिसत होता. शेवटी ह्या प्रकरणी शासनाला चौकशी आयोग नेमावा लागला. १० नोव्हेंबरला 'बरसिह', म्हणजे स्वच्छ, ह्या नावाच्या मंडळाने मतदारयाद्या शुद्ध कराव्यात आणि प्रसारमाध्यमे सर्व पक्षांना सारखी खुली असावीत, ह्या मागण्यांसाठी राजधानीत पिवळ्या वस्त्रांचा मोठा मोर्चा काढला. २५ नोव्हेंबरला 'हिंद्राफ' ह्या संघटनेच्या हाकेवरून भारतीय वंशाचे, बहुतेक तमिळ, लोक हजारोंच्या संख्येने रस्त्यावर उतरले. रबराच्या मळ्यांवर मजुरीला नेलेल्यांची ही नातवंडे-पतवंडे. त्यांच्यावर अश्रुधूर आणि पाण्याचे फवारे सोडण्यात आले. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत वाहतुकीच्या खोळंब्याला आणि शासनाच्या नाराजीला जागा होती. मोर्चा कशासाठी होता ह्याला फारच थोडी. परंतु ह्या वेळी मोर्च्यातील माणसांच्या खिशात छायाचित्रे घेणारे दूरध्वनी होते. ज्याने वृत्तपत्र वाचले आणि मग ती चलच्चित्रेही पाहिली, त्याला दोहोंतील अंतर आपल्या डोळ्यांनी मोजता आले. माझ्या मते आंतरजालाचा सर्वांत खोल परिणाम हाच होता. त्याने नवी बातमी दिली ही तर गोष्ट खरीच. पण जुन्या माध्यमांवरचा भरवसा त्याने पोखरला, ही त्याहून मोठी गोष्ट.

८ मार्च २००८ रोजी मतदान झाले. येथे माझ्या व्यवसायाला जवळची एक हकीकत सांगतो. दुबार मतदान टाळण्यासाठी त्या निवडणुकीत प्रथमच बोटाला न पुसणारी शाई लावावयाचे ठरले होते, आणि त्यासाठी शाईच्या बाटल्या भारतातून मागविल्या होत्या. मतदानाला अवघे चार दिवस उरले असता तेथील निवडणूक आयोगाने हा बेत रद्द केला. आपल्याकडे जी शाई आपण इतकी गृहीत धरतो की तरुण मतदार तिचे छायाचित्र काढून मिरवितात, तीच शाई तेथे वापराविना पडून राहिली. ही बातमी आणि तिच्यावरचा लोकांचा संताप आंतरजालावरून व दूरध्वनीच्या संदेशांवरून त्याच दिवशी सर्वत्र पसरला.

मतमोजणीअंती आघाडीला २२२ पैकी १४० जागा मिळाल्या, विरोधकांना ८२. सत्ता राहिली, पण घटनादुरुस्तीसाठी लागणारे दोन-तृतीयांश बहुमत १९६९ नंतर प्रथमच गेले, आणि तेरापैकी पाच राज्ये विरोधकांच्या हाती आली. जेफ ऊई हा आंतरजालावर नियमित लिहिणारा लेखक, ज्याच्यावर एका मोठ्या दैनिकाने खटला भरला होता, तो पेनांग बेटावरून संसदेत निवडून आला. भारतीय वंशाच्या पक्षाचे दीर्घकाळचे नेते सामी वेल्लू पराभूत झाले, तर हिंद्राफच्या स्थानबद्ध वकिलांपैकी एक जण तुरुंगात असताना राज्याच्या विधानसभेवर निवडला गेला. माहितीमंत्रीही पडले. त्याच महिन्यात पंतप्रधान अब्दुल्ला बदावी ह्यांनी जाहीरपणे कबूल केले की आपण वृत्तपत्रे आणि दूरचित्रवाणी ह्यांवर विसंबलो, आंतरजालाला महत्त्व दिले नाही, आणि ती मोठी चूक ठरली.

पराभूताची कबुली मोलाची असते, पण तीही तपासून घ्यावी लागते. निवडणुकीचे आकडे जरा उलगडून पाहा. बोर्निओ बेटावरील साबा आणि सारवाक ह्या राज्यांत संसदेच्या ५६ जागा होत्या. त्यांपैकी ५४ आघाडीनेच जिंकल्या. जंगलांतून आणि नद्यांच्या काठाने विखुरलेल्या तेथील वस्त्यांत आंतरजाल फारसे पोहोचले नव्हते. रेडिओ मात्र घरोघर होता. उलट मलाया द्वीपकल्पातील १६५ जागांत आघाडीला ८५ आणि विरोधकांना ८०, इतकी अटीतटीची लढत झाली. ह्यावरून आंतरजालाचे सामर्थ्य सिद्ध झाले, असे म्हणण्याचा मोह होतो. पण त्याच द्वीपकल्पातील केलांतान आणि केदाह ही राज्ये शेतीवाडीची. तेथे 'पास' पक्षाचा जोर मशिदीच्या आणि चेरामाहच्या जुन्या जाळ्यावर उभा होता. आणि महागाई होती, मळ्यांतील मजुरांचे दुःख होते, आणि प्रत्येक मतदारसंघात शक्यतो एकच विरोधी उमेदवार उभा करण्याचा समझोताही होता. आंतरजालाने असंतोष निर्माण केला नाही. पसरलेल्या असंतोषाला एकमेकांची ओळख करून दिली. आपल्याच मनात असे येते असे ज्याला वाटत होते, त्याला शेजाऱ्याच्याही मनात तेच आहे हे समजले. बंद माध्यमांच्या देशात ही जाणीवच मोठी असते, कारण प्रत्येकाला एकटे वाटावे, हाच तर बंदीचा अर्धा हेतू असतो.

आपल्यालाही हा अनुभव अगदीच परका नाही. १९४२ साली मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चालविलेले गुप्त आकाशवाणी केंद्र जेमतेम काही महिने चालले. पण वृत्तपत्रांची तोंडे बांधलेली असताना ते ऐकणाऱ्याला आपण एकटे नाही, एवढे कळत होते. १९७५ पासूनच्या आणीबाणीत वृत्तपत्रांवर पूर्वतपासणी होती. त्या दिवसांत आमच्या गावातील चार मंडळी रात्री दार ओढून परदेशी केंद्रावरील बातम्या ऐकत असत, असे माझे वडील सांगत. तात्पर्य, वार्तेची वाट अडली की ती दुसरी वाट शोधते, हा नियम जुना आहे. वाहन तेवढे बदलते.

आता पुढची हकीकत. गंमत अशी की ज्या महाथीर ह्यांनी छापील पत्रांवर इतका कडक अंमल ठेवला, त्यांना निवृत्तीनंतर आपली मते छापून येत नाहीत असे आढळले. आणि २००८ च्या मे महिन्यात त्यांनी स्वतःच आंतरजालावर लिहिण्यास प्रारंभ केला. २०१२ साली परवान्याचे वार्षिक नूतनीकरण रद्द झाले. २०१३ च्या निवडणुकीत सत्तापक्षानेही आंतरजालावर आपली फौज उतरविली. विरोधकांना जवळजवळ ५१ टक्के मते पडली, आघाडीला सुमारे ४७. तरीही मतदारसंघांच्या आखणीमुळे २२२ पैकी १३३ जागा आघाडीकडेच राहिल्या. ज्यांच्यापर्यंत वार्ता पोहोचली त्यांनी मत दिले. पण मताचे वजन ठरविणारा नकाशा आंतरजालाला बदलता आला नाही.

२०१५ साली शासनाच्या एका गुंतवणूक-निधीतील कोट्यवधी डॉलरांचा घोटाळा बाहेर आला. 'सारवाक रिपोर्ट' हे लंडनहून चालणारे आंतरजालावरील पत्र त्यात अग्रभागी होते. शासनाने त्याची वाट अडविली. 'एज' ह्या अर्थविषयक पत्राचा परवाना तहकूब केला. पुढे न्यायालयाने तो हुकूम रद्द ठरविला. १९९६ ची हमी कागदावर तशीच होती. २०१८ च्या एप्रिलमध्ये, निवडणूक तोंडावर असताना, खोट्या बातम्यांविरुद्ध एक कायदा मंजूर झाला. त्यात सहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती. पण तोवर चर्चा उघड्या चौकातून हलून दूरध्वनीवरील बंदिस्त गटांत, कुटुंबांत आणि मित्रमंडळींत गेली होती, जेथे पाठविणारा आणि घेणारा ह्यांखेरीज कोणालाही मजकूर वाचता येत नाही. मतदान ९ मे रोजी, म्हणजे बुधवारी, ठेवण्यात आले. दूरच्या शहरांत नोकरी करणाऱ्या लोकांना गावी मतदानाला जाणे कठीण झाले. तेव्हा अनोळखी माणसांनी आंतरजालावर एकमेकांना गाठून आपल्या मोटारीत जागा दिली, तिकिटासाठी पैसे दिले. त्या निवडणुकीत राष्ट्रीय आघाडीला केवळ ७९ जागा मिळाल्या, आणि ६१ वर्षांनी सत्तांतर झाले. विरोधकांच्या अग्रभागी होते ९२ वर्षांचे महाथीर मोहम्मद. खोट्या बातम्यांचा तो कायदा पुढे रद्द झाला.

येथे कथा संपवली तर ऐकणाऱ्याला बरे वाटेल, पण ते प्रामाणिक होणार नाही. ज्या वाटेने सत्य येते तिच्यावर जकातीचे नाके नसते. म्हणूनच तिच्यावरून असत्यही येते. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये मलेशियात पुन्हा निवडणूक झाली. मतदानाचे वय १८ वर आले होते, आणि लाखो नवे मतदार काही सेकंदांच्या चलच्चित्रांतून राजकारण समजून घेत होते. निकाल त्रिशंकू लागला. आणि त्या अनिश्चित दिवसांत १९६९ च्या मलय-चिनी दंगलीची आठवण उकरून काढणारी, वंशद्वेष चेतविणारी चित्रे इतकी पसरली की पोलिसांना इशारा द्यावा लागला. तसे म्हटले तर मलेशियाकिनीलाही वाचकांच्या पाच अभिप्रायांबद्दल न्यायालयाच्या अवमानाखातर २०२१ साली पाच लाख रिंगिट दंड झाला होता. वाचकांनी काही तासांतच वर्गणी काढून तो भरून दिला. एकाच जाळ्याने वंशद्वेष पसरविला, आणि त्याच जाळ्याने आपल्या विश्वासाचे पत्र वाचविले.

माझाही एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी एका तालुक्यात मी निवडणुकीच्या कामावर होतो. मतदानाच्या दिवशी दुपारी अकराच्या सुमारास एका वस्तीत दूरध्वनीवर संदेश फिरू लागला, की तुमच्या केंद्रावरील यंत्र बिघडले असून मतदान दुसऱ्या दिवशी होणार आहे. यंत्र उत्तम चालत होते. पण बाराच्या सुमारास केंद्रासमोरची रांग विरळ झाली, आणि एकपर्यंत तर शिक्षकांना जांभया येऊ लागल्या. खुलासा पाठवावा तर कोणाला? मूळ संदेश कोणत्या गटातून निघाला हे शेवटपर्यंत कळले नाही. अखेर एका रिक्षावर ध्वनिक्षेपक बांधून तलाठ्याला आत बसविले, आणि गल्लोगल्ली दवंडी दिली. संध्याकाळपर्यंत रांग पुन्हा लागली. पण त्या तीन तासांत कामावर निघून गेलेले मजूर आले नाहीत ते नाहीतच. त्यांची मते कोणी हिसकावून घेतली नव्हती. एका खोट्या ओळीने ती घरी बसविली होती. त्या रात्री यंत्रांवर मोहोर लावताना माझ्या मनात आले, की सामानाची यादी पुरी होती, आणि तरीही काहीतरी उणे राहिले.

तेव्हा उपाय कोणता? बंदी हा उपाय नव्हे, हे मलेशियाच्या साठ वर्षांनी दाखविले आहे. जेथे खरी वृत्तपत्रे आज्ञेखाली असतात, तेथे लोकांचा त्यांवरचा विश्वास उडतो; आणि विश्वास उडालेल्या माणसाला अफवेचे भय उरत नाही, कारण अफवा निदान अधिकाऱ्याने लिहिलेली नसते. म्हणजे बंदी ही अफवेची शत्रू दिसते, पण वस्तुतः तिची आईच असते. आंतरजाल हा बंद दारातून मिळालेला श्वास होता. पण रोजच्या आरोग्याला दारे-खिडक्या दोन्ही उघड्या लागतात. स्वतंत्र वृत्तपत्र, सर्व पक्षांना वाटा देणारी प्रसारसेवा, चूक झाली तर उघडपणे दुरुस्त करणारा संपादक आणि निवडणूक कचेरीतून तत्परतेने मिळणारी खरी माहिती, एवढे असेल तर दूरध्वनीवर आलेली खोटी ओळ तपासून पाहण्याला माणसाकडे काही साधन राहते.

आणि शेवटचे काम आपले प्रत्येकाचे आहे. आलेला संदेश दुसऱ्याला धाडण्यापूर्वी क्षणभर थांबणे, हे मतदानाइतकेच नागरिकाचे कर्तव्य झाले आहे. मत देताना आपण एकाच यंत्रावर एकदा बोट ठेवतो. संदेश धाडताना तेच बोट शंभर जणांच्या मनावर पडते. पहिल्या बोटाला आम्ही शाई लावतो. दुसऱ्याची खूण ज्याची त्यानेच ठेवावयास हवी.